रान मोकळे करण्यासाठी जेसीबी घ्यावा काय?

(शेतकरी बंधूंसाठीच्या आकाशवाणी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



उन्हाळ्याच्या तोंडाशी एका बाजाराच्या दिवशी भोकरदनच्या आमच्या कचेरीत एक ओळखीचे शेतकरी आले. वय पन्नाशीच्या पुढचे. मी त्यांना काका म्हणतो. त्यांची अकरा एकर जमीन. सात एकरांत कापूस, मका, सोयाबीन असते. टेकडीच्या पायथ्याचे चार एकर मात्र वडिलांच्या काळापासून पडीक आहे. त्यात वेडी बाभूळ आणि घाणेरी इतकी माजली आहे की शेरडूसुद्धा आत शिरायला कचरते.

काका म्हणाले, "साहेब, जेसीबी घ्यावा म्हणतो. आपलं रान बी मोकळं होईल अन् गावातली कामं बी भेटतील. धाकटं पोरगं रिकामंच हाय."

मी विचारले, "पैशाचं काय, काका?"

ते म्हणाले, "खालच्या दोन एकर काळ्या रानाला गिऱ्हाईक लागलंय."

बंधूंनो, हातातले काम मी बाजूला ठेवले. चार एकर खडकाळ रान मोकळे करण्यासाठी दोन एकर काळी जमीन विकायची, हा सौदा मला काही केल्या पटेना. पण "घेऊ नका" असे नुसते तोंडाने सांगून भागत नाही, हिशोब समोर मांडावा लागतो. त्या दिवशी काकांच्या समोर कागदावर जो हिशोब मांडला, तोच आज तुमच्यापुढे ठेवतो. आपल्या भोकरदन आणि जाफराबादच्या बाजूला पुष्कळ घरांत सध्या हाच विचार चालू आहे, म्हणून हा विषय घेतला.

आधी यंत्राची ओळख

आपण खोदणाऱ्या पिवळ्या यंत्राला सरसकट जेसीबी म्हणतो आणि साखळीवर चालणाऱ्या मोठ्या यंत्राला पोकलेन म्हणतो. ही दोन्ही नावे मुळात कंपन्यांची. जेसीबी इंग्लंडची आणि पोकलेन फ्रान्सची. जेसीबीचा कारखाना आपल्या देशात १९७९ साली हरियाणातील बल्लभगड येथे सुरू झाला. पुढे नाव यंत्रालाच चिकटले. आता दुसऱ्या कंपनीचे यंत्र असले तरी गावात ते जेसीबीच.

कोणत्या कामाला कोणते यंत्र, हे समजून घ्या. चाकांवर चालणाऱ्या जेसीबीला पुढे माती उचलणारे सूप असते आणि मागे खोदणारा हात. ताकद पाऊणशे अश्वशक्तीच्या आसपास, वजन सात टनांच्या वर. झुडपे मुळासकट काढणे, दगड गोळा करणे, बांध घालणे, चर काढणे या कामांना ते चांगले. पोकलेन मशीन शेततळे, खोल चर आणि नाल्याच्या कामाला परवडते, पण ते रस्त्याने चालत नेता येत नाही. ट्रेलरवर घालून आणावे लागते. डोझरचे काम म्हणजे माती ढकलण्याचे.

आणि वहितीखालच्या रानात थोडाफार उंचसखलपणा असेल, तर यातले काहीच लागत नाही. ट्रॅक्टरचे पाते किंवा आपली जुनी केणी पुरते. कुंदा आणि हराळीसाठीही जेसीबी लावू नका. बकेटने त्यांच्या काशा तुटतात आणि सगळ्या रानात पसरतात. त्याला उन्हाळ्यातली खोल नांगरट, काशा वेचणे आणि कडक ऊन हाच उपाय.

तुम्हाला यंत्र हवे की तास हवेत?

आता हिशोबाकडे येऊ. मी धरलेले आकडे हे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावात आज जो भाव असेल तो त्या जागी घाला आणि हिशोब परत करा.

काकांचे पडीक रान चार एकर. झाडोरा दाट आहे, म्हणून एकरी दहा तास धरले. एकूण चाळीस तास. भाडे तासाला १,२०० रुपये धरले, तर ४८,००० रुपये झाले. एवढ्यात काकांचे रान मोकळे होते.

नवा जेसीबी ३५ लाखांचा धरा. त्याच पैशात १,२०० रुपये दराने २,९०० तासांहून अधिक काम भाड्याने करून घेता येते. काकांना हवेत चाळीस तास. तेव्हा पहिली गोष्ट अगदी स्पष्ट आहे. केवळ स्वतःच्या रानासाठी यंत्र घेणे म्हणजे वाटीभर दुधासाठी दारात दहा म्हशी बांधणे.

काका म्हणाले, "पण साहेब, भाड्यानं बी चालवायचा ना." बरोबर आहे. मग तो प्रश्न शेतीचा राहत नाही, धंद्याचा होतो. आता धंद्याचा हिशोब करू.

३५ लाखांपैकी ५ लाख आपण भरले आणि ३० लाख कर्ज काढले. व्याज शेकडा ११, मुदत चार वर्षे. महिन्याचा हप्ता येतो सुमारे ७७,५०० रुपये. चार वर्षांत बँकेला एकूण ३७ लाखांच्या वर जातात. चालकाचा पगार महिना २०,००० धरा. विमा आणि इतर कागदपत्रांचा खर्च महिन्याला ४,५०० धरा. असा महिन्याचा बांधील खर्च झाला १,०२,००० रुपये. यंत्र उभे राहिले तरी हा खर्च उभा राहत नाही, तो चालूच असतो.

आता तासाची मिळकत पाहा. भाडे १,२०० रुपये. त्यातून डिझेल तासाला सहा लिटर, नव्वद रुपये दराने ५४० रुपये गेले. ऑइल, फिल्टर, टायर, बकेटचे दात, हायड्रॉलिकचे पाइप यांसाठी तासाला १५० रुपये बाजूला काढलेच पाहिजेत. हातात राहिले ५१० रुपये.

१,०२,००० ला ५१० ने भागा. उत्तर येते २००. म्हणजे दर महिन्याला दोनशे तास काम झाले, तर नफा नाही आणि तोटाही नाही. वर्षाला झाले २,४०० तास. दोनशे एकावा तास हा तुमच्या कमाईचा पहिला तास.

भोकरदनमध्ये एवढे तास मिळतील काय?

खरा प्रश्न इथे आहे. आपल्याकडे शेतातले मशीनचे काम कधी निघते? हरभरा, गहू निघाल्यावर, कापसाच्या पऱ्हाट्या उपटल्यावर. फेब्रुवारीच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत. धरून चाला शंभर दिवस. रोज आठ तास मिळाले तर आठशे तास. मृग लागला, पाऊस पडला, की काळ्या रानात सात टनांचे यंत्र घालता येत नाही. घातले तर फसते, आणि रानाची माती दाबून घट्ट करते ते वेगळेच. म्हणजे शेतीच्या कामातून २,४०० पैकी फार तर एक तृतीयांश तास निघतात. उरलेले सोळाशे तास विहिरीचे काम, घराचे पाये, रस्ते, पाइपलाइनचे चर, मुरूम भरणे यांतून आणावे लागतील.

ती कामे नाहीत असे मी म्हणत नाही. पण ती ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे आजच यंत्रे आहेत. तुमच्या गावाच्या आसपास दहा किलोमीटरांत किती जेसीबी आहेत, ते एकदा मोजा. पावसाळ्यात त्यांतले किती झाडाखाली उभे असतात, तेही पाहा. हे सर्वेक्षण फुकट आहे, आणि मोटारसायकलवर एका दिवसात होते.

समजा महिन्याला दोनशेऐवजी एकशेवीस तासच काम मिळाले. तर १२० गुणिले ५१०, म्हणजे ६१,२०० रुपये हातात येतील. बांधील खर्च १,०२,०००. महिन्याला ४०,८०० रुपये घरून घालावे लागतील. वर्षाला जवळजवळ ४ लाख ९० हजार. हे पैसे कोठून येणार? कापसाच्या आणि मक्याच्या पट्टीतून. म्हणजे शेताने यंत्र पोसायचे. यंत्र शेतासाठी घेतले होते, हे तोवर आपण विसरलेले असतो.

दुसरी गोष्ट उधारीची. गावातले काम म्हणजे भावकीचे, सोयऱ्याचे, शेजाऱ्याचे. "कापूस विकल्यावर देतो, दादा" म्हटले की आपल्याला नाही म्हणवत नाही. पण बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला येतो. तो कापूस विकण्याची वाट पाहत नाही. ज्या घरात यंत्राचा धंदा बसला, तिथे बहुतेक वेळा काम कमी पडले म्हणून नव्हे, तर झालेल्या कामाचे पैसे वेळेवर आले नाहीत म्हणून बसला.

कोणी म्हणेल, चार वर्षांनी कर्ज फिटेल आणि मग यंत्र आपलेच. खरे आहे. पण वर्षाला २,४०० तास चालवले तर चार वर्षांत ते ९,६०० तास चाललेले असेल. पिना, बुश, पंप, इंजिन यांची मोठी दुरुस्ती त्याच सुमारास दारात उभी राहते. तिची तजवीज आधी केली नसेल, तर कर्जमुक्त यंत्रासाठी पुन्हा कर्ज निघते.

घ्यावे कोणी?

मी यंत्राच्या विरुद्ध नाही. पुढील पाच गोष्टींना ज्याच्याकडे खरेखुरे "हो" असे उत्तर असेल, त्याने जरूर विचार करावा.

१. बारा महिन्यांचे, महिन्याला दोनशे तासांच्या वरचे काम हातात आहे काय? तोंडी शब्द धरू नका. कोणाचे, कुठले, किती तासांचे, हे कागदावर लिहून काढा.

२. घरातला माणूस स्वतः चालवतो काय? त्याच्याकडे या यंत्राचा परवाना आहे काय? परक्या चालकाच्या भरवशावर ३५ लाखांची वस्तू सोडणे अवघड असते. तो सणाला गेला की यंत्रही सणाला जाते.

३. पहिला भरणा जमीन न विकता, दागिना न मोडता होतो काय?

४. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवण्याइतकी शिल्लक आहे काय?

५. बिघाड झाला तर मेकॅनिक आणि सुटे भाग जालना किंवा सिल्लोडहून त्याच दिवशी मिळतात काय?

जुने यंत्र घेणार असाल तर आणखी सावध राहा. मीटरवरच्या तासांवर विश्वास ठेवू नका. मागचा हात पूर्ण लांबवून हलवून पाहा. सांध्यांत खेळ असेल तर पिना आणि बुश गेले आहेत. सिलिंडरवर तेल पाझरते का, गरम झाल्यावर निळा धूर येतो का, ते बघा. नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा दाखला हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. आणि अनुदान मिळेल असे विक्रेत्याने सांगितले म्हणून सही करू नका. महाडीबीटीवरच्या यांत्रिकीकरण योजनेत कोणते अवजार बसते, ते आधी कृषी कचेरीत विचारा. पूर्वसंमती मिळण्याआधी केलेल्या खरेदीवर अनुदान मिळत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा.

भाड्याचे काम शहाणपणाने कसे करून घ्यावे

आता बहुतेकांच्या कामाची गोष्ट सांगतो. यंत्र भाड्याने आणायचे ठरले, तरी पैसे वाया जाण्याच्या वाटा पुष्कळ आहेत.

एकट्याने यंत्र बोलावू नका. शेजारचे सात-आठ जण मिळून साठ-सत्तर तासांचे काम एकदम काढा. येण्या-जाण्याचा खर्च वाटला जातो आणि तासाच्या दरातही चार पैसे सूट मिळते. नंबर कोणाचा पहिला, हे चिठ्ठी टाकून ठरवा, म्हणजे नंतर कुरकुर नको. दर डिझेलसह की डिझेल सोडून, ते आधी बोला. काम सुरू होताना आणि संपताना मीटरचा आकडा वहीत लिहा. चहाची, जेवणाची वेळ तासात धरायची नाही, हेही बोलून घ्या.

यंत्र येण्याआधी चुन्याने खुणा करा. काय काढायचे आणि काय ठेवायचे, हे चालकाला ठाऊक नसते. त्याला झाड आणि झुडूप सारखेच. स्वतः बांधावर हजर राहा. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका. सुपात माणूस बसवू नका. विहिरीच्या काठाशी आणि विजेच्या तारांखाली यंत्र नेऊ नका.

वेडी बाभूळ वरून छाटली तर उपयोग नाही. जमिनीखालच्या डोळ्यांतून ती पुन्हा फुटते. वीतभर खाली जाऊन गड्ड्यासकट काढली पाहिजे. शेळ्या-गुरे तिच्या शेंगा खातात आणि शेणातून बी पसरते, म्हणून पहिली दोन वर्षे नवी रोपे हाताने उपटत राहावे लागते. हे काम यंत्राचे नाही, घरच्या माणसांचे आहे.

माती कोठे जाते, ते पाहा

बंधूंनो, आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्या डोळ्यांदेखत एक चूक झाली. एका शेतकऱ्याचे तीन एकर उताराचे रान होते. यंत्र आले. चालकाने वरची माती खाली ढकलून दोन दिवसांत रान टेबलासारखे सपाट केले. मी बांधावर उभा होतो आणि मलाही ते देखणे वाटले. पावसाळ्यात खालच्या अंगाला सोयाबीन कमरेला लागले. वरच्या अंगाला उघड्या मुरमावर ते वीतभर वाढले आणि पिवळे पडले. त्या भल्या माणसाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. आजही भेटला की चहा पाजतो. पण बी. एस्सी. ला शिकलेली गोष्ट मला त्या वेळी आठवली नाही, हे मी विसरलेलो नाही.

एका एकरावरचा एक इंच मातीचा थर म्हणजे किती माती? छत्तीस ब्रास. ट्रॉलीत एक ब्रास मावते असे धरले, तर छत्तीस ट्रॉल्या. यंत्राचे सूप इंचभर जास्त खाली गेले की छत्तीस ट्रॉल्या चांगली माती मुरमाखाली गाडली जाते. ती तयार व्हायला पिढ्यान् पिढ्या लागल्या. परत आणायची म्हटली तर तलावातला गाळ विकत वाहून आणावा लागतो.

म्हणून काम सुरू करण्याआधी एकरी तीन ठिकाणी दीड-दीड फुटाचे खड्डे घ्या. वरची माती वीतभरही नसेल, तर ते रान सपाट करण्याच्या नादी लागू नका. माती पुरेशी असेल, तर आधी वरचा थर काढून कडेला ढीग लावा. मग खालचा मुरूम सारखा करा, आणि शेवटी तीच माती वर पसरा. याला तास थोडे जास्त लागतात, पण रान रान राहते.

उतारही मोजा. पाण्याची पारदर्शक नळी घ्या. शंभर फुटांत तीन फुटांपेक्षा जास्त उतार असेल, तर सपाटीकरण सोडा आणि उताराला आडवे समतल बांध घाला. आपल्या जालना तालुक्यातील कडवंची गावाचे नाव तुम्ही ऐकले असेल. तेथे १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने काम झाले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती झाली, मग शेततळी आली, मग द्राक्षबागा उभ्या राहिल्या. आधी माती अडवली, मग पाणी थांबले. रान सारखे दिसण्यापेक्षा माती जागेवर राहणे महत्त्वाचे, हे कडवंचीला जाऊन डोळ्यांनी पाहून या.

आणि एखादे रान मोकळे करूच नये, असेही असते. माथ्यावरचे उघडे खडकाळ रान झाडोऱ्याने धरून ठेवलेले असते. तेथे खड्डे घेऊन सीताफळ, बोर, चिंच लावा, किंवा गवत राखा. शेरडांची सोय होईल.

कायद्याच्या चार गोष्टी

आंबा, चिंच, साग, मोह, जांभूळ, खैर, चंदन अशी झाडे स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. १९६४ चा कायदा तसा आहे. यंत्राच्या धडाक्यात चिंच आडवी झाली आणि नंतर कचेऱ्यांच्या चकरा सुरू झाल्या, असे होऊ देऊ नका.

गायरान आणि वनाच्या हद्दीत सूप घालू नका. शेजाऱ्याच्या बांधाजवळ मोजणीच्या खुणा असतील तर त्या हलवू नका. बांधाची भांडणे दोन पिढ्या चालतात. आपल्याच शेतातला मुरूम असला, तरी तो बाहेर विकायचा म्हटले की गौण खनिजाचा परवाना आणि स्वामित्वधन लागते. पूर्णेच्या पात्रातली वाळू रात्रीची काढायला कोणी यंत्र मागितले तर हात जोडा. त्यात यंत्र जप्त होते, आणि हप्ता मात्र चालूच राहतो.

सातबाऱ्यावर पोटखराबा असा शेरा असलेले रान वहितीत आणले, तर त्याची नोंद करून घेता येते काय, हे तहसीलमध्ये विचारा. मात्र जे क्षेत्र नाला, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी पोटखराब्यात दाखवले आहे, त्याला हात लावू नये.

आणखी एक. भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहन काळाच्या खुणा मिळाल्या. तेव्हा खोदताना जुन्या विटा, खापरे, नाणी लागली तर काम थांबवा आणि तहसीलला कळवा.

रान मोकळे झाल्यावर

पहिल्याच वर्षी कापूस लावून सोने काढण्याची घाई करू नका. मातीचा नमुना बदनापूर किंवा खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने तपासून घ्या. पहिल्या पावसावर ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यात गाडा. हलक्या-मध्यम रानाला तूर चांगली. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ हा वाण लवकर येतो, त्याची चौकशी करा. जेथे परवडेल तेथे गाळ टाका. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना राज्यात २०१७ साली सुरू झाली. तिचे चालू नियम आणि जवळचा तलाव कोणता, ते कचेरीत विचारा.

आता काकांचे काय झाले, ते सांगून रजा घेतो.

हिशोब संपल्यावर काका बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजी काळं रान इकून म्या हप्ताच घेत होतो की."

त्यांनी शेजारच्या सहा जणांना गोळा केले. एप्रिलमध्ये भाड्याचे यंत्र आले. चार एकरांपैकी खालचे अडीच एकर मोकळे केले, वरची माती राखून. माथ्याचे दीड एकर तसेच ठेवले. त्यात आता सीताफळाचे खड्डे घेतले आहेत. मुलाचे मन यंत्रावरच होते, म्हणून त्याला मी म्हटले, "दादा, आधी एक वर्ष दुसऱ्याच्या यंत्रावर काम कर. परवाना काढ. रोज किती तास चालले, किती डिझेल गेले, किती पैसे आले आणि किती उधार राहिले, ते वहीत लिही. वर्षाने ती वही घेऊन माझ्याकडे ये."

तो लिहितो आहे. मधल्या एका पावसाळी महिन्याचे पान त्याने मला दाखवले. त्या महिन्यात यंत्र चाललेले तास होते त्रेसष्ट.

वर्ष पुरे झाल्यावर ती वही जे सांगेल, ते आम्ही दोघेही मानू. कदाचित ती "घे" असेही सांगेल. पण ते दोन एकर काळे रान आजही काकांच्याच नावावर आहे, आणि यंदा त्यात मका उभा आहे.

तुमच्याही घरात असा विचार चालू असेल, तर सही करण्याआधी एक रात्र कागद-पेन्सिल घेऊन बसा. घरातल्या बाईमाणसालाही हिशोबात बसवा. उधारी कोणाकडे अडकते, हे तिला जास्त ठाऊक असते. आणि अडले तर आमच्याकडे या.

राम राम.